होर्मुझचे पाणी आणि पाण्याखालचे सुरुंग



गट कार्यालयात आमच्याकडे येणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. लागणीची नोंद कधी, तोड कधी, बेणे कुठले. पण आखातात गडबड झाल्याची बातमी आली की एक वेगळा प्रश्न हमखास निघतो, "साहेब, तिकडं समुद्रात सुरुंग पेरले तर इकडं डिझेल का महागतं? अन् सुरुंग काढून का टाकत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. उत्तर चावडीवर चार वाक्यांत देता येत नाही, म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

वाट कुठली, रुंदी किती

इराणचे आखात नकाशावर निमुळत्या तोंडाच्या पिशवीसारखे दिसते. पिशवीच्या काठावर इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया, बहारीन, कतार आणि संयुक्त अरब अमिराती. तोंडाशी उत्तरेला इराणचा किनारा आणि दक्षिणेला ओमानचा मुसंदम हा डोंगराळ भाग. या तोंडालाच होर्मुझची सामुद्रधुनी म्हणतात. सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी ४० किलोमीटरच्या आत आहे. त्यातही मोठ्या जहाजांसाठी आखून दिलेल्या वाटा दोनच, एक आत जाण्याची, एक बाहेर येण्याची. प्रत्येक वाट सुमारे २ मैल रुंद आणि मध्ये तेवढीच मोकळी पट्टी.

२०२४ साली या वाटेने दररोज सुमारे २ कोटी पिंपे तेल बाहेर पडत होते. जगाच्या रोजच्या वापराचा हा साधारण पाचवा हिस्सा. सौदी अरेबियाने तांबड्या समुद्राकडे आणि अमिरातीने फुजैराकडे तेलाच्या नळवाटा टाकलेल्या आहेत, पण सगळा माल त्यांतून जाणे शक्य नाही.

आपला संबंध नुसत्या डिझेलपुरता नाही. स्वयंपाकाचा गॅस आपला देश मोठ्या प्रमाणावर याच भागातून आणत आला आहे. कतारचा द्रवरूप वायू २००४ पासून गुजरातेत दहेज बंदरावर उतरू लागला, आणि युरियाचा कच्चा माल म्हणजे नैसर्गिक वायूच. उसाचा रस स्वच्छ करायला कारखान्यात गंधक जाळतात. ते गंधक तेल आणि वायू शुद्ध करताना निघते आणि त्याचाही बराच भाग आखाती देशांतून येत आला आहे. म्हणजे फडापासून गाळपापर्यंत या अरुंद वाटेचा धागा आपल्याशी जोडलेला आहे.

सुरुंग कसा असतो

सुरुंग म्हटले की आपल्याला विहिरीचा सुरुंग आठवतो. आपण वात पेटवण्याआधी मोठ्याने ओरडून माणसे, जनावरे लांब करतो. समुद्रातल्या सुरुंगाला वात नसते आणि ओरडून सांगणाराही कोणी नसतो.

जुन्या पद्धतीचा सुरुंग म्हणजे लोखंडाचा पोकळ गोळा. आत स्फोटक आणि हवा, त्यामुळे तो वर तरंगू पाहतो. खाली तळाशी जड नांगर आणि दोघांमध्ये तारदोर. तारेची लांबी अशी ठेवतात की गोळा पाण्याच्या थोडा खाली, जहाजाच्या बुडाला लागेल अशा बेताने राहावा. गोळ्याला शिंगे असतात. शिंगाच्या आत काचेच्या नळीत आम्ल असते. जहाज घासले की शिंग वाकते, नळी फुटते, आम्लामुळे वीज तयार होते आणि स्फोट होतो. रशियात झारच्या काळात, १९०८ साली, या जातीचा एक नमुना तयार झाला. ऐंशी वर्षांनी आखातात गाजला तो हाच नमुना.

दुसरी जात तळाशी पडून राहणारी. तिला जहाजाचा स्पर्श लागत नाही. जहाजाच्या लोखंडाचे चुंबकत्व, इंजिनाचा आवाज किंवा पाण्याच्या दाबातला फरक यावरून ती फुटते. काहींना मोजणीची सोय असते. पहिली काही जहाजे सुखरूप जाऊ द्यायची आणि पुढच्यावर फुटायचे. म्हणून "काल चार जहाजे गेली, आता वाट मोकळी" असे म्हणता येत नाही.

ब्रिजटन जहाजाची हकिकत

इराण-इराक युद्ध सप्टेंबर १९८० मध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट १९८८ मध्ये थांबले. १९८४ पासून दोन्ही बाजूंनी तेलवाहू जहाजांवर हल्ले वाढले. त्या काळात ४०० हून अधिक व्यापारी खलाशी मारले गेले. हे सैनिक नव्हेत, पगारासाठी बोटीवर चढलेली माणसे. कोकणातल्या ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी गेले, त्या घरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

कुवेतने आपल्या जहाजांना संरक्षण मागितले. अमेरिकेने कुवेतच्या ११ तेलवाहू जहाजांवर आपला झेंडा चढवला आणि युद्धनौकांच्या पहाऱ्यात ती न्यायचे ठरवले. जुलै १९८७ मध्ये पहिला ताफा निघाला. त्यात ब्रिजटन नावाचे सुमारे ४ लाख टनांचे अवाढव्य जहाज होते. होर्मुझ सुखरूप पार झाले. पण पुढे आखाताच्या वरच्या अंगाला, फारसी बेटाजवळ, २४ जुलैला ते सुरुंगावर गेले. बुडाला भगदाड पडले, तरी जहाज तरले.

आता खरी गोम बघा. राखण करायला आलेल्या युद्धनौका त्या जखमी तेलवाहूच्या मागे, त्याच्या पाण्याच्या चाकोरीतून चालू लागल्या! त्यांचे पत्रे पातळ. तोफा होत्या, क्षेपणास्त्रे होती, पण सुरुंग काढणारी एकही नौका बरोबर नव्हती. हे काम मित्रदेश करतील अशा हिशेबाने त्या खात्याकडे वर्षानुवर्षे लक्ष दिले गेले नव्हते. मग घाईने हेलिकॉप्टरे आणि १९५० च्या दशकातल्या लाकडी नौका पाठवाव्या लागल्या. ऑगस्टमध्ये होर्मुझच्या बाहेर, फुजैराजवळही एक तेलवाहू जहाज सुरुंगावर गेले. तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्सने आणि पुढे इटली, बेल्जियम व नेदरलँड्सने आपापल्या सुरुंगशोधक नौका धाडल्या.

२१ सप्टेंबर १९८७ च्या रात्री इराण अज्र नावाचे इराणी जहाज सुरुंग टाकताना अमेरिकी हेलिकॉप्टरांनी पकडले. डेकवर सुरुंग सापडले. तरीही १४ एप्रिल १९८८ रोजी सॅम्युअल बी. रॉबर्ट्स ही अमेरिकी युद्धनौका सुरुंगावर गेली. पहारेकऱ्याला पाण्यात सुरुंग दिसले होते. कप्तान आल्या वाटेने उलट मागे निघाला होता, तरी न दिसलेल्या एका सुरुंगाने घात केला. जहाजाचा कणा मोडला, १० नाविक जखमी झाले. खलाशांनी पोलादी तारांनी जहाज अक्षरशः बांधून धरले, आग विझवली, पाणी रोखले आणि ते वाचवले. सुरुंगाची किंमत सांगतात दीड हजार डॉलर. दुरुस्तीला लागले ९ कोटी डॉलरच्या आसपास.

पुढे चारच दिवसांनी अमेरिका आणि इराण यांच्या नौदलांची उघड लढाई झाली. आणि ३ जुलै १९८८ रोजी, अशाच ताणलेल्या वातावरणात, व्हिन्सेन्स या अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडले. २९० माणसे गेली, त्यांत १० भारतीय होते. संशयाने भरलेल्या अरुंद पाण्यात किती मोठा अनर्थ होतो, याचा हा दाखला.

पेरणी एका रात्रीची, वेचणी महिनोन्‌महिन्यांची

हुमणी जमिनीखाली असते तोवर ऊस वरून हिरवागार दिसतो. कुठल्या सरीत ती आहे हे उकरल्याशिवाय कळत नाही. समुद्रातल्या सुरुंगाचेही तसेच. फरक इतकाच की तो हुडकणाऱ्याच्याच जिवावर उठतो.

तारेवरचे सुरुंग काढायला नौका मागे लांब तारदोर ओढत नेते. तारेला कातर बसवलेली असते. सुरुंगाचा तारदोर तुटला की गोळा वर येतो आणि लांबून गोळीबाराने फोडतात. चुंबकाच्या किंवा आवाजाच्या सुरुंगासाठी मोठ्या जहाजाचे सोंग करणारी यंत्रे ओढत नेतात. तळाच्या सुरुंगाला ध्वनिलहरींच्या यंत्राने एकेक वस्तू तपासत जावे लागते. पिंप आहे, दगड आहे की सुरुंग, हे पाणबुड्या किंवा दूरनियंत्रित यंत्र उतरून पाहते आणि मगच तो उडवतात. या नौकांचे अंग लाकडाचे किंवा काचतंतूचे असते, म्हणजे चुंबकाचा सुरुंग जागा होऊ नये. चाल मंद. घाई करून चालत नाही.

किती वेळ लागतो ते पुढच्या युद्धात दिसले. १९९१ च्या कुवेत युद्धात इराकने कुवेतच्या किनाऱ्यालगत हजाराहून अधिक सुरुंग टाकले. १८ फेब्रुवारीला एकाच दिवशी ट्रिपोली आणि प्रिन्सटन या दोन अमेरिकी युद्धनौका त्यांवर गेल्या. युद्ध फेब्रुवारीअखेर संपले. पण अनेक देशांच्या नौका लागूनही साफसफाई महिनोन्‌महिने चालली. जपानने तर दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच आपल्या नौदलाच्या नौका परदेशी कामगिरीवर पाठवल्या, त्या याच कामासाठी.

शिवाय वाट बंद व्हायला सुरुंग सापडावाच लागतो असे नाही. "टाकले असावेत" एवढी वदंता पुरते. विमा कंपन्या युद्धजोखमीचा हप्ता वाढवतात, जहाजमालक कचरतात, भाडे चढते. ते भाडे शेवटी तुमच्या-आमच्या डिझेलच्या दरात येऊन बसते. सुरुंग काढल्यावरही, वाट निर्धोक आहे असा भरवसा बसेपर्यंत वाहतूक पूर्ववत होत नाही. १९०७ च्या हेग करारात नांगर तुटलेला सुरुंग आपोआप निकामी झाला पाहिजे असा नियम केलेला आहे. नियम कागदावर आहे, पण भरकटलेले सुरुंग त्यानंतरच्या अनेक युद्धांत सापडले.

आपल्या देशाची तयारी

आपल्या नौदलाकडे सोव्हिएत बनावटीच्या १२ सुरुंगशोधक नौका होत्या. त्यांत एकीचे नाव रत्नागिरी, एकीचे कोकण. एकेक करून त्या निवृत्त झाल्या, शेवटची २०१९ मध्ये. गोव्याच्या जहाजबांधणी कारखान्यात दक्षिण कोरियाच्या मदतीने नव्या १२ नौका बांधायची बोलणी बरीच वर्षे चालली आणि २०१८ मध्ये थांबली. जुलै २०२५ मध्ये अशा नौका घेण्यास केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. मान्यता आणि पाण्यात उतरलेली नौका यांत मात्र पुष्कळ वर्षांचे अंतर असते.

तेव्हा सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर असे. सुरुंग "काढून टाकता" येतात, पण ते काम पेरण्यापेक्षा शंभरपट कष्टाचे आहे, आणि ते करणारी संथ, बिनदिमाखाची नौका आधीपासून तयार असावी लागते. मोठ्या तोफेचे सगळ्यांना कौतुक, वाट साफ करणाऱ्याची आठवण मात्र भगदाड पडल्यावर! १९८७ साली जगातल्या सर्वांत बलाढ्य नौदलाला हे शिकावे लागले. ज्या देशाची चूल, पंप आणि खत समुद्राच्या वाटेवर अवलंबून आहे, त्याने ते दुसऱ्याच्या अनुभवावरून शिकलेले बरे.