दगडी दिवे

दगड कोरून तयार केलेले तेलाचे वा चरबीचे दिवे. इंधनासाठी खोलगट वाटी, वात टेकविण्यासाठी कड वा चोच आणि ठेवण्यासाठी सपाट बूड ही त्यांची मुख्य अंगे होत. काही दिव्यांना मूठही असते.

असे दिवे उत्तर पुराणाश्मयुगापासून ज्ञात आहेत. फ्रान्समधील ला मूत गुहेत १८९९ मध्ये सापडलेल्या दिव्याच्या तळावर रानबोकड कोरलेला आहे. लास्को गुहेत १९६० मध्ये मिळालेला तांबूस वालुकाश्माचा दिवा पळीच्या आकाराचा आहे. या दिव्यांत प्राण्यांची चरबी जाळीत. चुनखडकातून उष्णता सावकाश वाहते, म्हणून त्याच्या दिव्यांना मुठीची गरज क्वचितच भासे. वालुकाश्म लवकर तापत असल्याने त्याला मूठ कोरावी लागे. दिव्याचा आकार असा दगडाच्या गुणधर्मांवर अवलंबून असतो.

धातूची हत्यारे नसताना अधिक कठीण दगडाने ठेचून खळगा पाडीत व वाळू आणि पाणी घालून तो घाशीत. लोखंड आल्यावर हेच काम छिन्नी, टाकी व हातोडा यांनी होऊ लागले. प्रथम बाह्य आकार काढून मग मध्यभागापासून कडेकडे खोदतात. कड अखेरीस हलक्या हाताने घडवितात, कारण तेथे दगडाचा टवका उडण्याचा धोका अधिक असतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या मोठ्या भागात दख्खन ट्रॅपचा काळा पाषाण (बेसाल्ट) असून वणी परिसरात चुनखडक व वालुकाश्मही आढळतात. काळा पाषाण घडविण्यास कठीण. तथापि त्याच्या घट्ट थरातील दगडात तेल फारसे मुरत नाही. सच्छिद्र थरातील दगड मात्र वाटीसाठी निरुपयोगी ठरतो. त्यामुळे थराची पारख हीच पाथरवटाच्या कामाची पहिली पायरी होय. यवतमाळजवळील लोहारा येथील मंदिरासारख्या हेमाडपंती वास्तूंतून पाषाण घडविण्याचे हे कौशल्य दिसते.

महाराष्ट्रात दगडी दीपसाधनाचे भव्य रूप म्हणजे देवळापुढील दीपमाळ. चौथऱ्यावरील निमुळत्या स्तंभातून बाहेर आलेल्या दगडी हातांवर त्रिपुरी पौर्णिमेस पणत्या लावतात. जेजुरीच्या दीपमाळा प्रसिद्ध आहेत.

जुना दगडी दिवा ओळखणे सोपे नसते. लहान उखळ किंवा दाराच्या खुंट्याची खोबण यांतही तसाच खळगा असतो. दगडाच्या वयावरून तो केव्हा कोरला हे कळत नाही. कडेवरील काजळी, उष्णतेने पालटलेला रंग आणि दगडात मुरलेला स्निग्धांश यांवरून त्याचा उपयोग ठरविता येतो. काजळी पुरेशी असल्यास किरणोत्सर्गी कार्बन पद्धतीने तिचा कालही काढता येतो. म्हणून अशी वस्तू सापडल्यास ती घासून स्वच्छ करणे वा तिला तैलरंग देणे टाळावे. तसे केल्यास दिव्याचा पुरावा नाहीसा होऊन केवळ कोरलेला दगड उरतो.