वाण एक, गावे अनेक

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेकडेने गणपतीपुळ्याला जाणारा रस्ता आरे-वारेच्या चढावर येतो, तेव्हा गाडी थांबवल्याशिवाय सहसा कोणी पुढे जात नाही. वर उभे राहिले की दोन किनारे एकाच वेळी नजरेत येतात. मध्ये समुद्रात घुसलेले डोंगराचे नाक, त्याच्या अलीकडे एक पुळण आणि पलीकडे दुसरी. समुद्र एकच, वारा एकच, पण गावे दोन आणि नावेही दोन. परिसरात जांभ्या दगडाचा कातळ आणि त्या कातळात सुरुंगाने खड्डे फोडून, बाहेरून माती आणून भरून वाढवलेल्या हापूसच्या बागा. मे महिन्यात या रस्त्याने जाणारा पाहुणा पेटी उघडून पाहतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, ‘आंबा कुठला? रत्नागिरीचा की देवगडचा?’

या प्रश्नात मोठा अर्थ दडलेला आहे. हापूस हा एकच वाण. कलमाचा, म्हणजे एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधून वाढवलेला. त्यामुळे देवगडचे झाड आणि पावसचे झाड रक्ताने सख्खी भावंडेच म्हणायची. तरीही देवगडचा आंबा सालीला पातळ, रत्नागिरीचा जरा जाड, कातळावरचा निराळा आणि खाडीकाठचा निराळा, असे कोकणातला जाणता माणूस ठामपणे सांगतो. वाण तोच असताना गाव बदलले की चव बदलते का? आणि बदलत असेल, तर ती आपल्याला खरोखर ओळखता येते का, की पेटीवरचे नाव वाचून आपण आधीच मनाशी निवाडा करून मोकळे होतो?

या प्रश्नाचा अभ्यास जगात ज्या फळांच्या बाबतीत फार बारकाईने झाला, त्यांतले एक आहे वाइनचे द्राक्ष. आणि त्यातही ‘ग्रनाश’ नावाचे. वाइनचा विषय रविवारच्या पुरवणीत निघालेला पाहून घरातली वडीलधारी मंडळी भुवया उंचावतील. त्यांची शंका रास्त आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले. तेव्हा पिण्याची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. चव पारखणारे लोक एकाच वाणाची तुलना कशी करतात, हे समजून घेतले तर पेल्याला हात न लावणाऱ्यालाही त्यातून काही मिळण्याजोगे आहे.

ग्रनाश हे त्याचे फ्रेंच नाव. स्पेनमध्ये त्याला गार्नाचा म्हणतात आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावर कान्नोनाउ. त्याचे मूळ गाव स्पेनमधला आरागॉन प्रांत, असे बहुतेक जाणकार मानतात; सार्डिनियाचे लोक मात्र मूळ आमचेच म्हणून हटून बसतात. हे द्राक्ष उन्हाचे लेकरू आहे. वेलीचे खोड ताठ आणि चिवट, त्यामुळे सोसाट्याच्या वाऱ्यातही ते टिकते. पाण्याची ओढ सोसते. फळ उशिरा पिकते आणि पिकते तेव्हा साखरेने भरून जाते. साल पातळ, म्हणून रंग फिका. साखर जास्त, म्हणून मद्यार्क जास्त. चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत सहज जाणारा. आंबटपणा बेताचा. वासात स्ट्रॉबेरी आणि रासबेरी, मागून पांढऱ्या मिरीचा हलका ठसका, कधी वाळक्या संत्र्याच्या सालीची आठवण. दमट हवेचे मात्र याला वावडे आहे, केवडा रोग चटकन धरतो. रत्नागिरीच्या पावसात हा वेल लावायचा विचारही कोणी करू नये.

आता याची गावे पाहू. दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शातोनफ-द्यु-पाप नावाचे गाव आहे. तिथल्या अनेक मळ्यांत जमिनीवर मातीच दिसत नाही. नारळाएवढे गुळगुळीत गोटे पसरलेले असतात. दिवसभर ते तापतात आणि रात्री ती ऊब वेलींना परत देतात. अशा मळ्यातली ग्रनाश भरदार, उष्ण, तोंडभर पसरणारी होते. त्याच गावात शातो रायास नावाचा एक प्रसिद्ध मळा आहे. त्याची जमीन मात्र रेताड. तिथली ग्रनाश रंगाने फिकी, अंगाने नाजूक आणि वासाने मोठी. गाव तेच, वाण तोच, फरक गोटा आणि रेती यांचा.

स्पेनच्या कातालोनियात प्रियोरात हा डोंगराळ मुलूख आहे. तिथे काळ्या पाटीसारखा, थराथराने फुटणारा दगड. मुळांना पाण्यासाठी दगडाच्या भेगांतून खोल जावे लागते, वेलीला फळ थोडे धरते आणि जे धरते त्याचा रस दाट होतो. हा मुलूख जवळजवळ ओसाड पडला होता. १९८० च्या दशकाच्या शेवटी काही तरुण मंडळी तिथे गेली, जुन्या वेली त्यांनी सांभाळल्या, आणि आज त्या दगडातली वाइन जगातल्या महागड्या वाइनमध्ये मोजली जाते. उलट माद्रिदजवळच्या ग्रेदोस डोंगरात उंचावरच्या ग्रॅनाइटवर हाच गार्नाचा इतका हलका आणि सुगंधी होतो की दोन्ही पेले शेजारी ठेवले तर एका वाणाचे आहेत यावर विश्वास बसू नये.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळ्या कारणासाठी ऐकण्यासारखी आहे. बरोसा खोऱ्यात १८४८ साली लावलेल्या ग्रनाशच्या वेली आजही फळ देत आहेत. पण १९८० च्या दशकात या द्राक्षाला कोणी विचारीना, तेव्हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले आणि कितीतरी जुने मळे नांगराखाली गेले. जे वाचले त्यांच्या फळाला आता मागणी आहे. तिथली वाइन चाखली की पिकल्या फळाचा, जवळजवळ मुरंब्यासारखा गोड वास प्रथम येतो. आपल्याकडे रायवळ आंब्याची जुनी झाडे सरपणासाठी आणि खोक्यांच्या फळ्यांसाठी तोडणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

महाराष्ट्रातही हा वाण आहे, तो नाशिकला. आपल्याकडे १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी वाइनचा पाया घातला. पुढे राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली नाशिकहून बाजारात आली आणि २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. सुलाने नाशिकच्या ग्रनाशपासून गुलाबी वाइन केली आहे. द्राक्षाची साल रसात थोडाच वेळ राहू दिली की असा फिका गुलाबी रंग येतो, आणि पातळ सालीचा ग्रनाश या कामाला सोयीचा.

नाशिकची तऱ्हा युरोपहून अगदी उलटी आहे. तिकडे वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ देते. आपल्याकडे तिला झोप म्हणून मिळत नाही. बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, पावसाळा संपताना गोडी छाटणी करतो आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडणी होते. म्हणजे तिकडचा ग्रनाश उन्हाळ्यातून गारव्याकडे जाताना पिकतो, तर आपला हिवाळ्यातून उन्हाळ्याकडे येताना. मग दोघांची चव एक कशी असेल? आणि एक नसेल, तर ती कमी प्रतीची असे तरी का म्हणावे? ती नाशिकची आहे, एवढेच प्रथम म्हणावे.

तुलना करण्याची जाणकारांची रीत साधी आहे. एकामागून एक दिवसांनी चाखून तुलना होत नाही. जिभेला कालचे आज आठवत नाही. म्हणून सारे नमुने एकाच वेळी शेजारी-शेजारी मांडायचे. पेले सारखे, माप सारखे, गारवा सारखा. गुलाबी वाइन चांगली थंड लागते. लाल ग्रनाश कोकणातल्या उकाड्यात तशीच ओतली तर मद्यार्काचा भपकारा नाकात जाऊन बाकीचे वास हरवतात. तिला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे बरे. हलक्यापासून भारीकडे जायचे. आधी पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून रंग पाहायचा, मग वास, मग लहानसा घोट. तो तोंडात सगळीकडे फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. परीक्षक थुंकतातच, पोटात गेलेली वाइन जिभेला बधिर करते. दोन घोटांमध्ये पाणी आणि साधा पाव. आंबटपणा जिभेच्या कडांना किती झोंबतो, जांभळासारखा तुरटपणा हिरड्यांना किती धरतो, घशात ऊब किती उतरते आणि घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते, या चार गोष्टींची टिपणे करायची. कोकम आणि जांभूळ खाल्लेल्या जिभेला यात परके असे काही नाही.

पण सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे बाटलीवर कागद गुंडाळायचा. नाव दिसता कामा नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात बोर्दो येथे वाइनचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली. वर्णन करताना त्यांनी लाल वाइनचेच शब्द वापरले. डोळ्याने जिभेला फसवले. त्याआधी २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून ठेवल्या होत्या. पांढऱ्यात आणि लालमध्ये, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. नाव दिसत असते तर असा निकाल लागला असता का?

म्हणजे नावाला काहीच किंमत नाही काय? तसेही नाही. शातोनफमधल्या शेतकऱ्यांना एकेकाळी हीच चिंता होती की कुठलीही वाइन त्यांच्या गावाच्या नावाने खपते. तिथले एक मळेवाले, बॅरन ल रवा, हे वकील होते. १९२३ साली त्यांनी नियम घातले: कोणती द्राक्षे चालतील, मद्यार्क किमान किती हवा, आणि जमीन कोणती. जमिनीची खूण मोठी गमतीची आहे. जिथे लव्हेंडर आणि थाइम ही दोन्ही झुडपे उगवतात, तीच जमीन शातोनफची. याच धर्तीवर पुढे १९३५ मध्ये सबंध फ्रान्ससाठी कायदा आला. वाण कोणाच्याही मालकीचा नसतो. ग्रनाश कोणीही, कुठेही लावावा. जपायचे ते गावाचे नाव.

आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१८ साली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. तरीही कर्नाटकातला आंबा कोकणच्या पेटीत भरून कोकणच्या भावाने विकला जातो, ही बागाईतदारांची जुनी तक्रार आहे. गेल्या काही वर्षांत तर आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात येऊ लागला आहे. त्याच्या कलमांच्या काड्या रत्नागिरीहूनच गेल्याचे सांगतात. त्यात गैर काही नाही, मलावीचा म्हणून तो खुशाल विकावा. गैर आहे ते एका गावाच्या घामावर दुसऱ्याने नाव लावणे. देवगडच्या बागाईतदारांच्या संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर क्रमांकाचा स्टिकर लावण्याची पद्धत आणली. उपाय चांगला आहे. पण स्टिकर हेही एक नावच. ते खरे की खोटे हे शेवटी खाणाऱ्याच्या जिभेला कळले नाही, तर फसवणाऱ्याचे काम सोपेच राहते.

कातळ फोडून बाग करणाऱ्या आरे-वारेच्या शेतकऱ्याला खर्च निघेल असा भाव मिळायचा, तर त्याच्या आंब्यातला फरक ओळखणारे गिऱ्हाईक हवे. असे गिऱ्हाईक घरातच तयार होते, आणि त्यासाठी वाइनची मुळीच गरज नाही. येत्या हंगामात चार ठिकाणचे हापूस आणावेत, एखादा कर्नाटकाचाही असू द्यावा. सारे सारखेच पिकलेले हवेत. एक कच्चा आणि एक उतरलेला असेल तर ती तुलना नव्हे. घरातल्या एकाने स्वयंपाकघरात फोडी करून बशांखाली आकडे लिहावेत. बाकीच्यांनी आधी वास घ्यावा, मग फोड खावी, मध्ये पाणी प्यावे आणि वहीत लिहावे. आजीने, नातवाने आणि जावईबापूंनीही. निकाल वाचताना थोडी हमरीतुमरी होईल, एखाद्या देवगडाभिमान्याने पावसच्या आंब्याला पहिला नंबर दिलेला निघेल, आणि कदाचित कर्नाटकाचा आंबा कोणाच्या तरी यादीत वर असेल. तोही खिलाडूपणे मान्य करावा. पुढच्या वर्षी त्याच वहीत पुन्हा लिहावे. दोन-चार हंगामांनी घरातली पोरे पेटीवरचे नाव वाचण्याआधी फळ नाकाशी धरू लागतील.