दीडशे म्हणजे दीडशे किलो नव्हे

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेच्या प्रवासी बोटींवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. कुर्ल्यातूनही सुट्टीच्या दिवशी मांडव्याला जाणारे, शिडाच्या होडीची हौस असणारे, गळ घेऊन खाडीत जाणारे लोक आहेत. लाँचवरचं जाडजूड केशरी जॅकेट उकाड्यात नको वाटतं, म्हणून त्यांच्यातले काही जण हवेने फुगणारं जॅकेट घ्यायचा विचार करतात. ते सडपातळ असतं, हात मोकळे राहतात, घाम कमी येतो. वस्तू उत्तमच आहे. फक्त एक फरक मनात पक्का हवा: फोमचं जॅकेट मुळातच तरंगणारं असतं, फुगणारं जॅकेट हे यंत्र आहे. ते चाललं तरच तरंगवतं, आणि ते चालेल की नाही हे मालकाच्या देखभालीवर ठरतं.

खरेदीच्या वेळचा सगळ्यात मोठा गोंधळ आकड्याचा. जॅकेटवर ५०, १००, १५० किंवा २७५ असं छापलेलं असतं. अनेकांना ते माणसाचं वजन वाटतं. ‘मी नव्वद किलोचा, मला शंभरचं पुरेल’, असा हिशेब केला जातो. हा आकडा न्यूटनमध्ये मोजलेल्या उचल देणाऱ्या बळाचा आहे. १५० न्यूटन म्हणजे साधारण १५ किलोची उचल. ती कमी वाटते, पण पाण्यात शरीराचं बहुतेक वजन पाणीच पेलतं. डोकं वर ठेवायला बहुतेक प्रौढांना तीन ते पाच किलोची जादा उचल पुरते. उरलेलं बळ माणसाला उताणं वळवण्यासाठी आणि लाटेत तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी असतं. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, किनाऱ्याजवळ आणि मदत हाताशी असताना. बेशुद्ध माणसाला ते उताणं करत नाही. १०० चं शांत, आडोशाच्या पाण्यासाठी. मुंबई बंदरातून बाहेर शिडाची होडी न्यायची असेल तर १५० घ्यावं. २७५ चं जड कपडे आणि अवजारं अंगावर बाळगणाऱ्यांसाठी आहे. हौशी माणसाला ते फुगल्यावर अवजडच होतं.

‘पाण्यात पडलं की ते आपोआप फुगतं’, हेही सरसकट खरं नाही. काही जॅकेटं फक्त दोरी ओढल्यावर फुगतात. डोक्याला मार लागून पाण्यात पडलेला माणूस दोरी ओढणार नाही, आणि घाबरलेल्याला ती सापडेलच असं नाही. आपोआप फुगणाऱ्यांत दोन जाती आहेत. एकीत पाण्यात विरघळणारी गोळी असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते आणि टाचणी सिलिंडरचं तोंड फोडते. दुसरी पाण्याच्या दाबावर चालते आणि सुमारे दहा सेंटिमीटर बुडाल्यावरच सुटते, त्यामुळे तुषारांनी किंवा पावसाने उगाच फुगत नाही. आपल्या दमट हवेत ही दुसरी जात महाग असली तरी मला जास्त भरवशाची वाटते. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी आणि लहान मुलांनी मात्र फोमचंच वापरावं. जिथे यंत्र चुकण्याला जागाच नको, तिथे यंत्र नसलेलं बरं.

आता देखभाल. इथेच बहुतेक जण कमी पडतात, कारण जॅकेट बाहेरून नव्यासारखं दिसतं. १५० च्या जॅकेटमध्ये बहुधा ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो. तो भरलेला आहे की रिकामा, हे बघून कळत नाही. सिलिंडर फिरवून काढा. तोंडाला भोक असेल तर तो वापरून झालेला आहे. नसेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि त्यावर कोरलेल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. कोरलेल्या किमान वजनाहून कमी भरला, किंवा त्यावर गंज दिसला, तर बदला. गंज फक्त सिलिंडरचं नुकसान करत नाही, त्याची खरखर आतल्या हवेच्या पिशवीलाही घासते. परत बसवताना हाताने घट्ट आवळा. बोटीच्या हादऱ्यांनी तो हळूहळू सैल होतो, आणि सैल सिलिंडरपर्यंत टाचणी नीट पोहोचत नाही. प्रत्येक वेळी बोटीत चढण्याआधी तो चाचपून पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही.

पिशवीची परीक्षा सिलिंडर फोडून करायची नसते. पंपाने किंवा तोंडाशी असलेल्या नळीतून हवा भरा आणि चोवीस तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी मऊ पडलं तर ते पाण्यात नेऊ नका. पंप बरा, कारण फुंकलेल्या हवेबरोबर ओल आत जाते. गोळीवर आणि दाबाच्या यंत्रावर बदलण्याची तारीख असते: गोळीला साधारण तीन वर्षं, दाबाच्या यंत्राला पाच. न वापरताही ही मुदत संपते.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, पण गोळीवालं असेल तर गोळी आणि सिलिंडर आधी काढून. मग हँगरला लावून सावलीत वाळवायचं. पावसाळ्याचे चार महिने प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून माळ्यावर ठेवलं की गोळी दमट हवेनेच मऊ होते आणि एखाद्या रात्री जॅकेट माळ्यावरच फुगतं. त्यापेक्षा जूनमध्ये सिलिंडर आणि गोळी वेगळी काढून ठेवा, जॅकेटला तशी ठळक चिठ्ठी लावा आणि ऑक्टोबरमध्ये सगळं तपासून पुन्हा बसवा.

घालण्याबद्दलही बोलायला हवं. ‘जवळ ठेवलंय, वेळ आली की घालू’ असं म्हणणाऱ्यांना ती वेळ मिळत नाही. ‘नीलकमल’वरची धडक क्षणात झाली. रेनकोटच्या आत जॅकेट घातलं तर फुगताना छाती आवळते. लोकलच्या सवयीने सॅक पुढे अडकवली तर जॅकेटला उघडायलाच जागा उरत नाही. मांड्यांमधून जाणारा पट्टा अनेक जण नकोसा वाटतो म्हणून काढून टाकतात, आणि मग पाण्यात जॅकेट कानांपर्यंत वर सरकतं. बंद केबिनमध्ये असाल तर बाहेर पडल्याशिवाय दोरी ओढू नका. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान कोमोरोसजवळ समुद्रात कोसळलं, तेव्हा काही प्रवाशांनी आतच जॅकेटं फुगवली होती. पाणी भरल्यावर ती त्यांना छताकडे उचलत गेली आणि दारापर्यंत पोहोचता आलं नाही.

हार्बर लोकलने रे रोडला उतरलं की दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचं सामान मिळतं. तिथून फुगणारं जॅकेट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. त्याची पिशवी किती उन्हात तापली, तारखा कधी उलटल्या, हे आपल्याला कळणार नाही.

शेवटी पुराचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. १९ ऑगस्ट २०२५ ला मिठी नदी पुन्हा धोक्याच्या पातळीला गेली आणि कुर्ल्याच्या क्रांती नगरातून लोकांना हलवावं लागलं. मिठीकाठच्या घरात फुगणारं जॅकेट ठेवावं का? मी नाही म्हणेन. पुराच्या पाण्यात पत्रे, सळया, फुटक्या काचा वाहतात आणि हवेची पिशवी एका ओरखड्याने निकामी होते. फोम फाटला तरी तरंगतो. घरातल्या प्रत्येकाच्या मापाचं फोमचं जॅकेट, त्याला बांधलेली शिट्टी, आणि दोन्ही पाणी चढणार नाही अशा उंचीवर. वापर फक्त बाहेर काढायला आलेल्या बोटीत बसताना. ते अंगावर आहे म्हणून वाहत्या पाण्यात उतरू नये, कारण उघडं मॅनहोल कुठे आहे ते गढूळ पाण्यात दिसत नाही आणि तिथली ओढ कोणत्याही जॅकेटपेक्षा जास्त असते.