सांधा घट्ट, रंग पातळ

कोकणात रंगकामाचा सगळ्यात मोठा हंगाम येतो तो नेमका भर पावसात. आषाढ-श्रावणात राजापूर तालुक्यातल्या गणपतीच्या शाळांमध्ये मूर्ती घडत असतात, बाहेर अर्जुना आणि कोदवली दुथडी भरून वाहत असतात आणि आत शाडू सुकता सुकत नाही. माती पुरती वाळल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. याच हवेत एखाद्याने जपानी रोबोचं किट जोडून रंगवायला घेतलं, तर दमट हवेशी त्याचीही गाठ पडते. इथे फक्त रसायनशास्त्र बदलतं.

या किटला ‘गनप्ला’ म्हणतात. 1979 साली जपानी दूरचित्रवाणीवर ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका आली. पुढच्याच वर्षी, जुलै 1980 मध्ये, बांदाई कंपनीने त्यातल्या रोबोचं 1/144 प्रमाणातलं प्लास्टिकचं मॉडेल 300 येनला बाजारात आणलं. गोष्टीतला रोबो 18 मीटर उंच, म्हणून मॉडेल साडेबारा सेंटिमीटर. तेव्हा भाग गोंदाने चिकटवावे लागत. आता रंगीत प्लास्टिकचे सुटे भाग एका चौकटीला जोडलेले येतात, तिला ‘रनर’ म्हणतात. भाग कापायचे आणि एकमेकांत दाबून बसवायचे. गुडघा, कोपर, कंबर, मनगट, सगळं वळतं. आत मोटार नाही की बॅटरी नाही, तरी बंदूक धरलेला हात आडवा ठेवला की तसाच राहतो.

हे काम घर्षणाचं. आडव्या हाताचं वजन त्याला खाली फिरवू पाहतं आणि खांद्याच्या सांध्यातलं घर्षण त्याला अडवतं. म्हणून सांध्यातली खुंटी भोकापेक्षा किंचित जाड ठेवतात. बाकीचं अंग पॉलिस्टायरीनचं असतं. ते कडक आणि तासायला सोपं, पण ठिसूळ. सतत फिरणाऱ्या जागी ते लवकर झिजतं. म्हणून बऱ्याच किटमध्ये सांध्यात पॉलिएथिलीनची मऊ टोपी बसवतात. ती दाबली जाते, पुन्हा फुगते आणि पकड टिकवते.

आपल्याकडच्या कळसूत्री बाहुल्यांची रचना याच्या अगदी उलट. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. बाहुलीचे सांधे मुद्दाम सैल ठेवतात. सूत्र ओढलं की हात उठतो, सोडलं की स्वतःच्या वजनाने खाली येतो. तिथे गुरुत्वाकर्षण कलावंताच्या मदतीला असतं, इथे ते सांध्याच्या मुळावर उठलेलं असतं.

आकार वाढला की हे वैर आणखी वाढतं. मॉडेलची उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं. शिवाय हातही दुप्पट लांब, म्हणजे खांद्यावरचा पीळ सोळापट. सांध्याची पकड मात्र साधारण आठपटच वाढते. म्हणून मोठ्या मॉडेलचे हात लवकर लोंबतात आणि 1/60 प्रमाणाच्या किटमध्ये जागोजागी स्क्रू वापरावे लागतात. योकोहामात डिसेंबर 2020 ते मार्च 2024 या काळात खऱ्या उंचीचा, 18 मीटरचा आणि सुमारे 25 टनांचा हलता गंडम उभा होता. तो गुडघे वाकवायचा, हात उचलायचा, पण त्याला कमरेपाशी मागून भक्कम आधार होता. स्वतःच्या पायांवर तो उभा नव्हता.

आता हाताशी किट घेऊ. निपरने भाग कापताना कडेला पांढरा डाग पडतो. तो रंग उडाल्याने पडत नाही. ताणाने प्लास्टिकच्या आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, त्या प्रकाश विखुरतात आणि जागा पांढरी दिसते. उपाय सोपा आहे. पहिला काप भागापासून थोडा लांब घ्यायचा आणि उरलेला तुकडा दुसऱ्या कापात हलकेच काढायचा. मग पॉलिश पेपर 400, 600, 1000 अशा चढत्या क्रमाने फिरवायचा.

रंगाचा खरा प्रश्न पुढे येतो. लॅकर रंगातला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे ताजा थर काही अंशांनी थंड होतो. हवा 28 अंशांवर आणि आर्द्रता 90 टक्के असेल, तर सुमारे 26 अंशांनाच दव धरतं. म्हणजे थर दोन अंशांनी थंड झाला तरी त्यावर पाणी साचतं, रंगात मिसळतं आणि चकचकीत काळा दुधाळ राखाडी होऊन बसतो. तापमान 30 आणि आर्द्रता 50 टक्के असताना हाच दवबिंदू 18 अंशांपर्यंत उतरतो. तेवढा थंडावा सहसा येत नाही आणि रंग स्वच्छ बसतो.

दुसरा धोका सांध्यात लपलेला असतो. दाबून बसवलेला भाग कायम ताणाखाली असतो. त्यावर एनॅमलचा थिनर सांडला, तर तो रेणूंच्या मध्ये शिरून त्यांची पकड सैल करतो. ज्या ताणावर प्लास्टिक वर्षानुवर्षं टिकलं असतं, त्याच ताणावर ते काही मिनिटांत तडकतं. म्हणून रंगवण्याआधी भाग सुटे करावेत. सांध्याच्या घासणाऱ्या जागांवर मास्किंग टेप लावावी, कारण प्रायमर आणि रंगाची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी असली तरी खुंटी भोकात अडकायला तेवढी पुरते. मऊ टोप्या रंगवायच्या फंदात पडूच नये. पॉलिएथिलीन रंगाला धरूनच ठेवत नाही, दोन वेळा सांधा फिरवला की पापुद्रे निघतात.

शेवटचा हात आखणीचा. गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीला कसलेला हात लागतो. रोबोच्या अंगावरच्या खाचा मात्र स्वतःच रंग ओढून घेतात. पातळ केलेल्या एनॅमलचा थेंब खाचेच्या टोकाला टेकवला की केशाकर्षणाने रेघ पुढे धावते. बाहेर आलेला रंग थिनरने जेमतेम ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने पुसता येतो. खालचा लॅकर त्या थिनरला दाद देत नाही, म्हणून आधी लॅकर, वर एनॅमल हा क्रम बदलू नये.

कोकणात हा छंद करायचा तर कामाची वाटणी ऋतूप्रमाणे करावी. पावसाळ्यात भाग कापावेत, घासावेत, जोडून सांधे तपासावेत. फवारणी दिवाळीनंतर करावी. मधल्या काळात रंगवायचंच असेल, तर वाळायला वेळ लागला तरी पाण्यात विरघळणारे अॅक्रिलिक ब्रशने लावावेत. खोलीत आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा 65 च्या वर असेल तर लॅकरचा डबा उघडू नये. उघडाल तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा, तोंडावर सॉल्व्हंटच्या वाफा अडवणारा मास्क बांधा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.