घोडेमोडणीच्या स्वाराचे गुडघे

फाल्गुनात शिगम्याचे ढोल घुमू लागले की गोव्याच्या डिचोली आणि पेडणे भागांत घोडेमोडणी रंगते. हे दोन्ही प्रांत एकेकाळी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीजांकडे गेले. जुन्या स्वारांचा डौल मात्र या नृत्यात टिकून आहे. कमरेला बांधलेला सजवलेला घोडा, डोक्यास फेटा, एका हाती लगाम आणि दुसऱ्या हाती तलवार! पाहणाऱ्याची नजर घोड्यावर खिळते. आज आपण क्षणभर स्वाराच्या पायांकडे पाहू.

घोड्याचा भार कमरेवर, म्हणजे शरीराच्या गुरुत्वमध्याजवळ असतो. त्यामुळे डोक्यावरच्या ओझ्याप्रमाणे तो तोल घालवीत नाही. पण घोड्याचे तोंड पुढे आणि पाठ मागे पसरलेली. वस्तू मध्यापासून जितकी लांब पसरेल, तितकी ती फिरवण्यास आणि फिरताना थांबवण्यास जड. गिरकी घेताना पाऊल जमिनीला चिकटून राहिले, तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून कमरेबरोबर पाऊलही वळावे आणि उडीनंतर गुडघे किंचित वाकवूनच उतरावे. मातीचे अंगण थोडा तरी धक्का सोसते. आता शिगमोत्सवाच्या मिरवणुका शहरांतील डांबरी रस्त्यांवरूनही निघतात. तेथे तो धक्का पायांनाच सोसावा लागतो.

खरी काळजी निराळीच आहे. वर्षभर खुर्चीवर बसणारा तरुण सणापुरता गावी यावा आणि आल्या दिवशीच त्याने घोडा बांधावा, हे बरे नव्हे. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना अधिक काळ लागतो. उत्साह पुढे धावतो, कंडरा मागे राहतात.

गोवेकरांच्या लाडक्या फुटबॉलमध्ये यावर अभ्यास झाला आहे. २००८ साली नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या खेळाडू मुलींची पाहणी प्रसिद्ध झाली. खेळापूर्वी सुमारे २० मिनिटे धावणे, तोल सांभाळणे आणि उडीनंतर नीट उतरणे यांचा सराव करणाऱ्या मुलींत अतिश्रमाच्या दुखापती जवळजवळ निम्म्या आढळल्या.

आपल्या तालमींना हे अगदीच नवे नाही. जोर-बैठका क्रमाक्रमाने वाढवाव्यात, हा वस्तादांचा जुना धडा. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव तर व्यायामगुरू होते आणि हाडवैद्यही. शिगम्यापूर्वी दोन-तीन महिने बेताच्या बैठका, टाचा उचलणे आणि एका पायावर उभे राहणे, एवढे स्वाराने नेमाने करावे. मोडलेला घोडा सुतार दुरुस्त करून देईल. गुडघ्याचे तसे नाही, आणि पुढल्या फाल्गुनातही नाचायचे आहेच!