सायकलीचे माप



शिंप्याकडे कोट शिवावयास टाकताना आपण छाती, बाही, खांदा असे चार ठिकाणी माप देतो. जोडा घेताना तो पायात घालून दुकानात चार पावले चालून पाहतो. पण ज्या वाहनावर बसून रोज तास-दीड तास हातपाय चालवावयाचे, ती सायकल मात्र आपण रंग, किंमत आणि नाव पाहून विकत घेतो. ही गोष्ट मोठी चमत्कारिक खरी. आणि तिची किंमत माझ्या एका भाच्याने नुकतीच मोजली. त्याची हकीकत सांगून मी विषयाला सुरुवात करतो.

हा भाचा डोंबिवलीस राहतो आणि नोकरीसाठी ठाण्यास जातो. सकाळच्या लोकलच्या दारात लोंबकळण्याचा त्यास कंटाळा आला, म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस सायकलने जावे असा त्याने निश्चय केला. रस्ता त्याने आखला तो असा : कल्याण-शीळ मार्गाने काटई नाका, पुढे शीळफाटा, मुंब्रा, कळवा आणि खाडीचा पूल ओलांडून ठाणे. रविवारी येऊरचा चढ चढावा, पुढेमागे मुरबाडवरून माळशेज घाट गाठावा, असेही मनात होते. त्यासाठी त्याने वळलेल्या हँडलची, हलक्या बांध्याची शर्यतीच्या धर्तीची सायकल घेतली. दुकानात शेवटचा नग शिल्लक होता व त्यावर भरघोस सूट होती. फ्रेम ५६ ची होती. “सीट खाली केली की झाले,” असे त्यास सांगण्यात आले, आणि दोन महिन्यांचा पगार खर्चून तो ती घेऊन आला.

पहिल्याच महिन्यात त्याच्या करंगळीला व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. मान आखडू लागली. हँडल दूर पडते म्हणून त्याने सीट पुढे सरकविली, तेव्हा गुडघा दुखू लागला. शेवटी काटई नाक्यावर एक रिक्षा अचानक आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, सीटवरून पुढे उतरला, पण पाय जमिनीला पुरतेपणी टेकण्याआधीच फ्रेमची दांडी लागली आणि तो एका अंगावर कोसळला. मागून ट्रक येत नव्हता हे नशीब. त्यानंतर सायकल गॅलरीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले. मजकडे आला तेव्हा तो म्हणाला, “मामा, सायकल चालविणे माझ्या प्रकृतीला मानवत नाही.” मी म्हटले, “तुझी प्रकृती ठीक आहे. सायकल दुसऱ्याच्या मापाची आहे.”

सायकलीला माप असते ही कल्पना नवी नाही. सायकलीच्या बाल्यावस्थेत तर माप हीच मुख्य गोष्ट होती. पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे इवलेसे अशी जी जुनी उंच सायकल आपण चित्रांत पाहतो, तिची पायडले थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेली असत. चाक जितके मोठे तितके एका फेरीत अंतर अधिक. म्हणून प्रत्येकास मोठे चाक हवे असे. पण पायडल खाली गेले असता तेथवर पाय पोचलाच पाहिजे. तेव्हा ज्याचा पाय जेवढा लांब तेवढे त्याचे चाक, असा सरळ हिशेब होता. पुढे १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सायकल बनविली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत असे. साखळीमुळे चाकाचा आणि पायाच्या लांबीचा संबंध तुटला, व मापाची जबाबदारी फ्रेमवर आली. ती आजतागायत फ्रेमवरच आहे.

आपल्या घरोघरी जी काळी दणकट सायकल असे, ती ‘बावीसची’ किंवा ‘चोवीसची’ म्हणून ओळखली जाई. हे आकडे बहुधा फ्रेमचे, इंचांतले. घरात सायकल एकच, आणि चालविणारे आजोबांपासून नातवापर्यंत सारे. नातू दांडीखालून पाय घालून ती चालवी व बाजारातून दळण आणी. त्या सायकलीवर मनुष्य ताठ बसतो आणि सावकाश जातो, म्हणून तेथे दोन इंच इकडेतिकडे खपून जात. शर्यतीच्या धर्तीच्या सायकलीवर तसे खपत नाही. तेथे अंग पुढे वाकलेले असते, शरीराचा भार सीट, पायडले आणि हात या तिन्हींवर वाटला जातो, आणि ही वाटणी बिघडली की कोणते तरी एक इंद्रिय तक्रार करू लागते. हिशेबच करून पहा. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर डोंबिवली-ठाणे या सव्वा तासाच्या प्रवासात प्रत्येक गुडघा ६,००० वेळा वाकतो आणि सरळ होतो. एक सेंटिमीटरची चूक एकदा झाली तर कळतही नाही. सहा हजार वेळा झाली म्हणजे ती कळल्यावाचून राहत नाही.

आता माप कसे घ्यावयाचे ते पाहू. यासाठी भिंत, एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आणि टेप एवढे साहित्य पुरे. अनवाणी, पाठ भिंतीला टेकून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहावे. पुस्तकाची पाठ वर करून ते दोन्ही मांड्यांच्या मध्ये, सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतके वर ओढावे, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजवून घ्यावे. तीनदा मोजून सरासरी काढावी. पाटलोणीचे शिंप्याने घेतलेले माप येथे चालत नाही; ते नेहमीच तोकडे भरते. माझ्या भाच्याची उंची १६८ सेंटिमीटर. त्याचे हे माप ७७ सेंटिमीटर भरले.

या एका आकड्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, सीटची उंची. फ्रान्समधील सायकलपटू व प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या हिशेबाप्रमाणे, मापाला ०.८८३ ने गुणले म्हणजे क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. ७७ ला गुणता ६८ सेंटिमीटर येतात. दुसरी गोष्ट फ्रेमची. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे दांडी जमिनीला समांतर असलेल्या फ्रेमसाठी माप गुणिले ०.६७ करावे. उत्तर ५१.६, म्हणजे ५२ ची फ्रेम. हे अंतर क्रँकच्या मध्यापासून बैठकीच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे. काही कारखानदार मात्र नळीच्या टोकाऐवजी दांडीच्या मध्यापर्यंत मोजतात; तेव्हा ०.६५ ने गुणावे लागते आणि तीच फ्रेम ५० ची ठरते. म्हणून ‘माझी ५२ ची’ असे म्हणण्यापूर्वी ती कोठून कोठवर मोजली हे विचारणे अवश्य आहे. भाच्याने ५६ ची घेतली होती. चार सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ दोन मापांचा फरक!

सीटची उंची ठरली की ती गुडघ्याकडून तपासून घ्यावी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ व्हावा. मग पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला असता गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो, व तो राहावयासच हवा. सीट फार खाली असली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखते. फार वर असली तर मागच्या बाजूस ओढ बसते आणि चालविताना कंबर डावी-उजवीकडे हेलकावते. मागून कोणास तरी पाहावयास सांगितले तर हा दोष तात्काळ दिसतो.

परंतु पायाचे माप म्हणजे सारे माप नव्हे. एकाच उंचीचे दोन सख्खे भाऊ घ्या. एकाचे पाय लांब आणि धड आखूड, तर दुसऱ्याचे उलट. दोघांना एकच सायकल कशी चालेल? सीटची उंची पाच बोटे वर-खाली करता येते. सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर मात्र मुख्यतः फ्रेमच ठरविते. त्यात भर अशी की, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तैवानच्या जायंट कंपनीने इंग्रज रचनाकार माइक बरोज यांच्या कल्पनेने मागे उतरत्या दांडीची फ्रेम शर्यतीच्या सायकलीत रूढ केली. तेव्हापासून बैठकीच्या नळीची लांबी आणि सायकलीचे खरे माप यांचा पूर्वीचा संबंध सैल झाला. एकाची ‘मध्यम’ ती दुसऱ्याची ‘लहान’ असे आता सर्रास आढळते. यासाठी कंपनीच्या तक्त्यात दोन आकडे शोधावे. त्यांना स्टॅक आणि रीच म्हणतात. क्रँकच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंत सरळ उभे अंतर तो स्टॅक. आणि त्याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर तो रीच. पहिल्यावरून हँडल किती उंच येईल ते कळते, दुसऱ्यावरून किती दूर पडेल ते कळते. निरनिराळ्या कंपन्यांच्या सायकली तोलून पाहण्यास याहून प्रामाणिक तराजू नाही. चपळ शर्यतीच्या सायकलीत स्टॅक कमी व रीच अधिक असतो. लांब पल्ल्याच्या सायकलीत स्टॅक अधिक असतो, त्यामुळे पाठ कमी वाकते. ऑफिसला जाणाऱ्याने आणि चाळिशी ओलांडलेल्याने ही दुसरी जात पसंत करावी, असे माझे मत आहे.

हँडलचे अंतर बरोबर आहे की नाही हे अंगालाच विचारावे. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवले असता कोपरे किंचित वाकलेली, खांदे सैल आणि तळव्यांवर भार बेताचा असावा. हात ताठ होऊन अंग ओढले जात असेल तर अंतर फार. माझ्या भाच्याच्या करंगळीतील मुंग्यांचे कारण हेच : हातावर भार पडून तळव्याच्या त्या बाजूची नस दाबली जात होती. हँडल धरणारा स्टेम नावाचा तुकडा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने लहान-मोठा बदलता येतो. पण तो डाळीत मीठ घालण्यासारखा आहे. डाळच दुसरी असली तर मिठाने भागत नाही. सीट पुढे सरकवून अंतर भरून काढणे तर सर्वस्वी गैर; कारण सीटची जागा गुडघ्यासाठी ठरवावयाची असते, हातासाठी नव्हे.

दोन मापांच्या मधोमध आपण पडलो तर काय करावे? बहुधा लहान घ्यावी. लहान फ्रेमची सीट वर घेता येते, स्टेम लांब लावता येतो. मोठ्या फ्रेमची दांडी मात्र कोणत्याही उपायाने खाली येत नाही. सायकल दोन पायांमध्ये घेऊन सपाट पावलांनी उभे राहिले असता दांडी आणि अंग यांत दोन-तीन बोटे तरी मोकळी राहिली पाहिजेत. कल्याण स्थानकाबाहेरची गर्दी, डोंबिवलीचा फडके रस्ता किंवा ठाण्याची तलावपाळी येथे दर पन्नास पावलांवर पाय टेकावा लागतो, तेथे या दोन बोटांचे मोल कळते. तथापि अतिशय लहान फ्रेमही घेऊ नये. तिच्यावर सावकाश वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागण्याचा संभव असतो. शिवाय सीटची नळी वर घेताना तिच्यावर कोरलेली मर्यादेची रेघ कधीही बाहेर दिसता कामा नये.

महाराष्ट्राने या खेळात अलीकडे नाव मिळविले आहे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली जोडीने पुरी केली. आणि २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. आपल्याकडे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपविण्याच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या फेऱ्याही होतात, व त्यांत अगदी साधी नोकरदार माणसे भाग घेतात. इतक्या लांब पल्ल्यास छाती लागते, दम लागतो हे खरेच. पण अंगाला न बसणारी सायकल असली तर तो दम गुडघ्याच्या आणि पाठीच्या दुखण्याशी झगडण्यातच खर्ची पडतो.

शेवटी आईबापांस एक विनंती. मुलाचे कपडे आपण ‘वाढत्या अंगाचे’ घेतो, तशी सायकल घेऊ नये. सैल सदरा मुलाला पाडीत नाही. मोठी सायकल पाडते. आणि जे स्वतःसाठी घेणार असतील त्यांनी माप कागदावर लिहून खिशात ठेवावे, दुकानात सायकलीवर निदान अर्धा तास तरी बसू द्यावे असा आग्रह धरावा, आणि आपल्या मापाची नसेल तर कितीही सूट असली तरी हात जोडून बाहेर पडावे.

भाच्याचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. ऑफिसातील एका उंच मित्राने ती ५६ ची सायकल थोड्या कमी किमतीत घेतली. त्याला ती जणू त्याच्याचसाठी केल्यासारखी बसली. भाच्याने ५२ ची घेतली. परवा रविवारी सकाळी तो येऊर चढून परस्पर माझ्या घरी चहाला आला. मी प्रथम त्याच्या बोटांची चौकशी केली. तो हसून म्हणाला, “बोटे आहेत हेच विसरलो होतो.” अंगाला बसणाऱ्या वस्तूची याहून चांगली खूण मला तरी ठाऊक नाही.