मचूळ पाणी, ट्रॅक्टरचा चार्जर आणि मोटारसायकलची बॅटरी

बारामती-इंदापूरच्या वाड्या-वस्त्यांवर मोटारसायकलची बॅटरी वापरून संपण्याआधीच बऱ्याचदा हकनाक मारली जाते. मारणारे दोघे: विहिरीचं पाणी आणि ट्रॅक्टरचा चार्जर. इथला उन्हाळा त्यांचा तिसरा साथीदार. त्याला कुणी अडवू शकत नाही, पण पहिल्या दोघांना घरच्या घरी आवरता येतं, आणि आता ते आवरायलाच हवं. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत दिवसाढवळ्याही जळत असतो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा आलं, बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्टर आला. आता टाकीतलं पेट्रोल पंप ढकलतो आणि पंप विजेवर चालतो. जुन्या गाडीची बॅटरी पार बसली तरी दोन किका मारून माणूस वेळेत डेअरीवर दूध घालून यायचा. इंजेक्टरच्या गाडीत बॅटरी पुरती उतरली की किकचा भरवसा नाही, धक्का स्टार्टचाही नाही, आणि काही गाड्यांना तर किकच राहिलेली नाही.

ही बॅटरी मुळात जुनीच चीज आहे. फ्रान्सच्या गॅस्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून ती बनवली. आजही आत तेच चालतं. एका पट्टीवर शिसं, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, मध्ये पातळ गंधकाम्ल. असा एक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. सहा सेल ओळीने जोडले की झाली आपली बारा व्होल्टची बॅटरी. वीज काढली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट बसतं आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्ज केली की उलटं. नुकतं बसलेलं सल्फेट बारीक असतं, सहज विरघळतं. पण उतरलेली बॅटरी आठवड्यामागून आठवडे तशीच ठेवली की त्याचे मोठे, कडक खडे होतात. मग चार्जर कितीही लावा, तेवढा भाग मेलेलाच राहतो. उतरलेली बॅटरी उभ्या गाडीत ‘आराम’ करते ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

आता पाण्याकडे वळू. ज्या बॅटरीला वरून झाकणं असतात, तिच्यातलं पाणी चार्जिंगमध्ये फुटून वायू होतं आणि उन्हाळ्यात उडूनही जातं. ॲसिड मात्र आतच राहतं. म्हणून भर घालायची ती फक्त पाण्याची, आणि तीही डिस्टिल वॉटरची. नीरा डाव्या कालव्याच्या बारमाही पाण्याने या पट्ट्यात ऊस उभा केला, पण निचरा नसलेल्या कितीतरी जमिनी क्षारपडही झाल्या आणि अनेक विहिरी-बोअरचं पाणी मचूळ झालं. पिकांवर क्षार, पाणीटंचाई आणि उष्णता यांचा काय ताण पडतो याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून बारामतीजवळ माळेगावला आहे. पिकाला जे सोसत नाही ते बॅटरीलाही सोसत नाही. बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड पट्ट्यांमधली शिशाची जाळी खातं. लोखंडाचा अंश एका पट्टीकडून दुसरीकडे येरझाऱ्या घालत आतल्या आत बॅटरी उतरवतो. कॅल्शियम ॲसिडाशी मिळून चुनखडासारखा साका धरतं. पाणी उडतं पण क्षार उडत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी टाकलेल्या घोटाचे क्षार आत साठतच जातात. आरओचं पाणी चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. आरओ क्षार कमी करतं, संपवत नाही. प्यायला ते बरं, बॅटरीला नाही.

पाणी टाकायची वेळही महत्त्वाची. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच टाकावं, चार्ज करावं, आणि मग वरच्या रेघेपर्यंत भरावं. चार्ज होताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येऊन गाडीची चासी खातं.

सगळ्यात जास्त घात होतो तो चार्जिंगला. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची बॅटरी तीन ते पाच अँपिअर-अवरची असते. साधा नियम असा: क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट. म्हणजे चार अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.४ अँपिअर. ती निम्मी उतरली असेल तर दोन अँपिअर-अवर परत घालायचे, थोडी घट धरून सहा तास लागतील. रात्री जेवणानंतर लावायची आणि पहाटे काढायची, एवढं हे सरळ काम आहे. पण घरात चार्जर असतो तो ट्रॅक्टरचा, आठ-दहा अँपिअर देणारा. त्याला ही चिमुकली बॅटरी जोडणं म्हणजे कालव्याचं सगळं पाणी एका वाफ्यात सोडणं. बॅटरी तापते, पट्ट्या वाकतात, त्यांवरचा लेप झडून तळाला बसतो. अर्ध्या तासात ‘फुल’ झाल्यासारखी दिसते, सेल्फही एक-दोनदा झकास मारतो, आणि महिन्याभरात ती पुन्हा बसते. दोष मात्र कंपनीला जातो. इन्व्हर्टरला जोडण्याचाही हाच परिणाम. दुचाकीसाठीचा लहान चार्जर, जो १४.४ व्होल्टच्या आसपास चार्ज करून मग साडेतेरावर येऊन थांबतो, तो एकदाच विकत घ्यावा. नव्या बॅटरीच्या मानाने तो महाग वाटत असेल, पण दोन बॅटऱ्या वाचल्या की त्याचे पैसे फिटतात.

एका जुगाडाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. शंभर वॅटचा बल्ब आणि एक डायोड ओळीने जोडून थेट घरच्या २३० व्होल्टवर बॅटरी लावायची, हा प्रकार अजूनही केला जातो. तो चालतो, आणि म्हणूनच तो घातक आहे. शंभर वॅटचा बल्ब ०.४३ अँपिअर घेतो, डायोड अर्धी लहर कापतो, सरासरी साधारण ०.२ अँपिअर बॅटरीत जातो. बॅटरी खरोखर चार्ज होते. पण मध्ये ट्रान्सफॉर्मर नसल्याने बॅटरीची टोकं लाइनपासून वेगळी होत नाहीत. दोन पायांची पिन उलटी खोचली गेली की बारा व्होल्टची समजून ज्या टर्मिनलला आपण हात लावतो, तिथे फेज उभा असतो. बॅटरी गाडीतच असेल तर अख्खी गाडी फेजवर येते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर त्या गाडीला पोराने हात लावला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. हा जुगाड करू नका, शेजाऱ्यालाही करू देऊ नका.

दुसरी भीती हायड्रोजनची. बॅटरी भरल्यावरही करंट चालू राहिला की तो पाणी फोडतो. सहा सेलची बॅटरी अशा प्रत्येक जादा अँपिअर-अवरमागे सुमारे अडीच लिटर हायड्रोजन सोडते. चार अँपिअर तासभर जादा गेले तर दहा लिटर. हवेत या वायूचं प्रमाण चार टक्के झालं की ठिणगी पुरते. दहा लिटर म्हणजे अडीचशे लिटरच्या बंद कपाटाचे चार टक्के. उघड्या खोलीत एवढं प्रमाण सहसा होत नाही, पण बॅटरीच्या डोक्याशी, झाकणांच्या आसपास ते सहज होतं, आणि चिमटा लावताना ठिणगी नेमकी तिथेच उडते. म्हणून आधी चार्जर बंद, मग चिमटे जोडायचे, मग स्विच चालू. काढतानाही आधी स्विच बंद. जागा ओट्यावर गॅसजवळ नको, चुलीजवळ नको, समई तेवत असलेल्या देवघराशेजारी तर नकोच. पडवी किंवा ओसरी उत्तम. झाकणांची बॅटरी असेल तर झाकणं सैल करावीत आणि वायू जायची नळी मोकळी आहे ना ते पाहावं. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवावं. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरून लगेच डॉक्टर गाठावा. सांडलेल्या ॲसिडावर खायचा सोडा टाकला की ते शमतं. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थरही सोड्याच्या पाण्याने निघतो, फक्त ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये.

बॅटरी गाडीतून काढताना आधी मायनस, बसवताना आधी प्लस. मायनस चासीला जोडलेलं असतं. ते लागलेलं असताना प्लसच्या नटावर पाना फिरवला आणि पाना चासीला टेकला, तर बॅटरीचा सगळा करंट पान्यातून जातो, पाना लाल होतो आणि हात भाजतो.

परदेशी पुस्तिका हिवाळ्यात बॅटरी जपा म्हणतात. आपल्याकडे जपायची ती एप्रिल-मेमध्ये. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, आयुष्य त्याच मानाने घटतं आणि पडून राहिलेली बॅटरी लवकर उतरते. चार्जिंगचा व्होल्टेजही कमी लागतो: २५ अंशांना जे १४.४ व्होल्ट योग्य, ते ४० अंशांना सुमारे १४ हवेत. साध्या चार्जरला हे कळत नाही. म्हणून उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग लावू नये.

तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते आणि घरचा माणूस वारीला गेला की गाडी दारात उभी राहते. चोरीची भीती म्हणून तिला अलार्म किंवा जीपीएस बसवलेलं असेल तर हिशोब करा. पंधरा मिलिअँपिअर घेणारं यंत्र दिवसाला ०.३६ अँपिअर-अवर खातं. चार अँपिअर-अवरची बॅटरी अकरा दिवसांत कोरडी. निघण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून मायनसची वायर सोडवून ठेवावी. वायर सोडली की अलार्मही बंद पडतो, तेव्हा गाडी कुलपात ठेवलेली बरी.

बॅटरीची तब्येत कळायला साधा डिजिटल मीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, बाराच्या खाली आली तर त्याच दिवशी चार्जिंगला लावा. पूर्ण चार्ज करूनही साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर एक सेल गेलेला आहे, तिच्यावर आणखी वीज खर्चू नका. मग इंजिन थोडं रेस करून मोजा: साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. पंधराच्या वर गेलं तर गाडीचा रेग्युलेटर बिघडलाय आणि नवी बॅटरीही तो शिजवेल; तेराच्या वर चढतच नसेल तर चार्जिंगची लाइन मिस्त्रीला दाखवा.

सीलबंद बॅटरीला यातलं पाण्याचं काहीही लागू नाही. तिच्यात काचेच्या तंतूंच्या गादीत ॲसिड शोषलेलं असतं, आणि तयार होणारा ऑक्सिजन दुसऱ्या पट्टीवर जाऊन पुन्हा पाणी होतो. वरचं झाकण उचकटून पाणी टाकलं की ती व्यवस्था मोडते. जादा व्होल्टेज दिला तर झडपेतून वायू जातो आणि गेलेलं पाणी परत घालता येत नाही, म्हणून ट्रॅक्टरचा चार्जर हिला तर अजिबातच नको.

मेलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊन ती उघड्यावर फोडू-वितळवू देऊ नका. त्या धुरातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि ओतलेलं ॲसिड त्याच विहिरींच्या पाण्यात उतरतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा केली तर बिलात तिचे पैसेही वजा होतात.